पायी चालणारा धनेश

धनेश हा पक्षी आपल्यापैकी पुष्कळांच्या परिचयाचा आहे. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद अशा शहरांतील जुन्या बागांतून आणि वड-पिंपळांच्या शेंड्यांवरून राखी रंगाचा धनेश आपली लांब शेपटी सांभाळीत या झाडावरून त्या झाडावर जाताना दिसतो. बेळगावच्या दक्षिणेस दांडेलीच्या रानात उतरले किंवा गोव्याच्या पूर्वेकडील घाटात शिरले, की त्याचा थोरला भाऊ महाधनेश भेटतो. त्याच्या पंखांची घरघर तो दिसण्यापूर्वीच कानी येते. या पक्ष्यांच्या संसाराची एक हकिकत तर आपण शाळेच्या वयातच ऐकलेली असते. विणीचे दिवस आले की मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि ढोलीचे तोंड आतून लिंपून घेते. चोच बाहेर निघेल एवढी एक उभी फट तेवढी उघडी राहते. त्या फटीतून नर तिला वड-उंबराची फळे भरवतो, आणि पिल्ले वाढीला लागेपर्यंत ती माउली स्वतःहून पत्करलेल्या त्या कोंडवाड्यात दिवस काढते.

आज ज्या पक्ष्याविषयी सांगावयाचे आहे, तो याच घराण्यातला आहे. पण घराण्याचे बहुतेक कुळाचार त्याने मोडले आहेत. आपले धनेश मुख्यत्वे फळांवर जगतात, हा जवळजवळ सर्वस्वी मांसाहारी आहे. ते झाडांच्या शेंड्यांवर वावरतात, हा दिवसभर जमिनीवर पायी हिंडतो. आणि याची मादी ढोलीचे दार लिंपून घेत नाही. त्याचा मुलूख आहे आफ्रिका. केनियाच्या दक्षिण भागापासून टांझानिया, झांबिया, झिंबाब्वे, मोझांबिक या देशांतून थेट दक्षिण आफ्रिकेपर्यंत, जेथे गवताळ माळ आणि मधूनमधून मोठी झाडे असतील तेथे तो आढळतो. आपण त्याला सोयीसाठी 'भूधनेश' म्हणू. व्हिगर्स या प्राणिशास्त्रज्ञाने 1825 मध्ये त्याचे प्रथम शास्त्रीय वर्णन केले आणि लंडनच्या लेडबीटर नावाच्या संग्राहकाचे नाव त्याला जोडले. त्याच्या कुळाला शास्त्रज्ञ 'ब्युकॉर्व्हस' म्हणतात. या शब्दाची फोड केली तर त्यात बैलाचे शिंग आणि कावळा असे दोन्ही सापडतात. पक्षी पाहिला की हे नाव ठेवणाऱ्याचे कौतुक वाटते. याच कुळातील दुसरी एक जात विषुववृत्ताच्या उत्तरेस, सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या कोरड्या पट्ट्यात राहते. आजचे आपले बोलणे मात्र दक्षिणेकडच्या जातीपुरतेच आहे.

जगातील सर्व धनेशांत वजनाने हा सर्वांत भारी. पूर्ण वाढलेला नर सहा किलोपर्यंत भरतो, म्हणजे चांगल्या पोसलेल्या मोराच्या तोडीचा. मादी त्यामानाने हलकी. चोचीपासून शेपटीपर्यंतची लांबी मीटरभर, कधी त्याहूनही अधिक. सर्वांग कोळशासारखे काळे. या काळ्या अंगावर चेहऱ्याची आणि गळ्याची उघडी कातडी मात्र भडक लाल असते. गळ्याखालची ही लाल पिशवी नर फुगवतो तेव्हा एखाद्याने लाल पागोटे चुकून गळ्यात बांधावे तसे दिसते. मादीच्या गळ्यावर या तांबडेपणात मध्येच निळसर जांभळा डाग असतो आणि त्यावरून ती ओळखता येते. पिल्लांचा चेहरा फिकट, मातकट पिवळा असतो. तो लाल होण्यास चार ते सहा वर्षे लागतात. चोच काळी, जाडजूड, खाली वाकलेली, आणि तिच्यावर शिंगाचा केवळ एक लहानसा उंचवटा. पक्षी बसलेला किंवा चालत असताना पंखांत पांढरा रंग आहे हे कोणाला सांगूनही खरे वाटणार नाही. पण तो उडाला की पंखांच्या टोकांची मोठी पांढरी पिसे एकदम उलगडतात.

त्याच्या डोळ्यांविषयी मात्र थोडे थांबून सांगितले पाहिजे. बुबुळाभोवतीचा रंग फिकट पिवळा, आणि पापण्यांना लांब, दाट, वळलेले केस. पक्ष्यांना आपल्यासारखे पापण्यांचे केस नसतात. भूधनेशाच्या पापणीवर दिसतात ती वस्तुतः पिसेच, केवळ त्यांनी केसांचे रूप घेतलेले असते. आफ्रिकेतील कडक उन्हापासून आणि उडणाऱ्या धुळीपासून ती डोळ्यांचे रक्षण करतात. पण पाहणाऱ्याला प्रथम सुचते ते निराळेच. एवढ्या राकट पक्ष्याला एखाद्या नटीचे डोळे कोणी दिले, असा प्रश्न मनात उभा राहतो.

पहाट होण्याच्या सुमारास, अजून अंधार पुरता ओसरला नसता, त्याचा आवाज सुरू होतो. खोल, घुमणारा, नगाऱ्यावर सावकाश टिपरी पडावी तसा. ज्या झाडावर रात्र काढली त्याच झाडावरून ही जोडी एकमेकांना साद घालते आणि तो आवाज शांत हवेत तीन किलोमीटरपर्यंत जातो. दूरवर सिंहाने डरकाळी दिली असा भास अनेकांना झालेला आहे. नराचा स्वर अधिक खोल, मादीचा किंचित चढा. दोघांचे हे उत्तर-प्रत्युत्तर ऐकून तेथील लोकांनी त्याचा अर्थही लावून ठेवला आहे. मादी म्हणते, मी चालले, मी आपल्या माणसांकडे चालले. नर उत्तर देतो, जा, जा, किती दिवस तेच ऐकतो आहे. माहेरच्या ओढीची ही तक्रार आपल्या घराघरांतून इतकी ओळखीची आहे, की ती आफ्रिकेच्या माळावर एका काळ्या पक्ष्याच्या तोंडी घातलेली पाहून हसू आल्यावाचून राहत नाही. पण या घुमण्यामागचे कारण घरगुती भांडण नव्हे. हा मुलूख आमचा आहे, येथे आम्ही हजर आहोत, हे शेजारच्या कुटुंबाला कळविण्याची ती दवंडी आहे.

दवंडी पिटून झाली की सारे कुटुंब खाली उतरते आणि चालू लागते. दिवसाचा बहुतेक भाग त्यांचा चालण्यात जातो. मनात आणले तर ते उत्तम उडतात, पण उडण्याची वेळ सहसा संकटातच येते. चालताना ते बोटांच्या टोकांवर पावले टाकतात, त्यामुळे चालीला एक प्रकारचा तोल आणि डौल येतो. एकमेकांपासून थोडे अंतर ठेवून, पसरलेल्या रांगेने, गवत विंचरत जावे तशी ही मंडळी पुढे सरकतात. शेणाचा पोहो उलथ, वाळक्या लाकडाची साल सोल, वारुळाला चोच लावून पाहा, असे चालू असते. टोळ, भुंगे, गोगलगायी, बेडूक, सरडे, उंदीर, कासवे, ससे, काही त्यांना वर्ज्य नाही. विषारी साप सापडला तर दोघे-तिघे मिळून त्याला घेरतात आणि लांब चोचीच्या टोकाने, स्वतःला दूर राखून, ठोसे मारून त्याला संपवतात. कासवाचे कवच फोडण्यासही हीच चोच कामी येते. रानाला वणवा लागला की इतर प्राणी पळतात, हे मात्र वणव्याच्या मागोमाग, तापलेल्या राखेतून, भाजलेले आणि बावरलेले किडेकीटक टिपीत हिंडतात. मेलेल्या जनावराचे मांस आणि त्यात पडलेले किडेही ते खातात. ही शेवटची सवय ध्यानात ठेवावी, कारण तिच्यामुळेच पुढे या पक्ष्यावर मोठे संकट ओढवले आहे.

आता या कुटुंबाची रचना पाहू. एका टोळीत दोनपासून आठ-नऊपर्यंत पक्षी असतात. पण अंडी घालण्याचा अधिकार एकाच जोडीला. बाकीचे सारे मदतनीस. त्यांत बहुतेक करून वयात आलेले नर आणि लहान पिल्ले असतात. मुली मोठ्या झाल्या की सहसा घर सोडून दुसरीकडे जागा शोधतात, मुलगे मात्र मागे राहून आईबापांच्या पुढच्या पिल्लांना भरवतात, मुलखाच्या राखणीला हातभार लावतात. अशा रीतीने मिळून संसार करणाऱ्या पक्ष्यांच्या जाती जगात बऱ्याच आहेत, पण त्या सर्वांत आकाराने मोठा हाच. आपल्याकडील एकत्र कुटुंबाची आठवण व्हावी अशीच ही पद्धत आहे. आणि एकत्र कुटुंबाप्रमाणेच तिलाही ऐसपैस जागा लागते. दक्षिण आफ्रिकेत एका टोळीचा मुलूख शंभर चौरस किलोमीटरच्या घरात असतो. म्हणजे दहा किलोमीटर लांब आणि दहा किलोमीटर रुंद अशा रानात अंडी घालणारी जोडी फक्त एक.

पावसाचे दिवस जवळ आले की ही मादी ढोलीत शिरते. ढोल साधीसुधी चालत नाही. मीटरभर लांबीच्या पक्ष्याला आत वळता आले पाहिजे, म्हणून तिची रुंदी निदान चाळीसेक सेंटिमीटर हवी. अशी ढोल ज्याच्या पोटात मावेल ते झाड केवढे असले पाहिजे याची कल्पना करावी. आफ्रिकेतील उंबराच्या जातीची झाडे, जुनाट गोरखचिंच, असे वृक्ष त्यांच्या कामी येतात. गोरखचिंच म्हणताच इंदूरकरांना मांडूची आणि हैदराबादकरांना गोवळकोंड्याजवळची ती अवाढव्य बुंध्याची झाडे आठवतील. ती मूळची आफ्रिकेचीच, शतकांपूर्वी समुद्र ओलांडून येथे आलेली. असा वृक्ष वाढण्यास माणसांच्या कित्येक पिढ्या जातात, आणि त्याच्या अंगी ढोल पडण्यास आणखी काळ.

मादी ढोलीत वाळक्या पाल्याची गादी करून बसते. दार उघडेच असते, पण अंडी उबविण्याचे सुमारे चाळीस दिवस ती क्वचितच बाहेर पडते. तिचा नवरा आणि मदतनीस मुले चोचीत एकाच वेळी चार-पाच जिनसा धरून, म्हणजे बेडूक, सरडा, टोळ यांची एक जुडीच करून, ती तिला आणून देतात. पहिला घास पकडलेला असताना दुसरा कसा उचलावा, ही अडचण या पक्ष्याने कशी सोडविली आहे ते पाहण्यासारखे असते. तो चोचीतली जुडी खाली ठेवतो, नवे भक्ष्य मारतो, आणि सगळे पुन्हा नीट रचून उचलतो.

अंडी बहुधा दोन. आणि या दोन अंड्यांतच भूधनेशाच्या आयुष्यातील सर्वांत कठोर गोष्ट आहे. दुसरे अंडे पहिल्याच्या नंतर तीन ते पाच दिवसांनी घातले जाते आणि ते आकाराने थोडे लहान असते. मादी मात्र पहिले अंडे घालताच उबवू लागते. साहजिकच पहिले पिल्लू आधी बाहेर येते, आणि दुसरे येते तेव्हा थोरल्याने चार-पाच दिवस खाऊन अंग धरलेले असते. आणलेला घास मोठ्या तोंडाला आधी मिळतो. धाकट्याच्या वाट्याला काही येत नाही. थोड्याच दिवसांत ते उपासमारीने मरते. असे कधीमधी होते असे नव्हे. दोन्ही पिल्ले वाढली असे घडतच नाही.

मग निसर्गाने हे दुसरे अंडे दिले तरी कशाला? शास्त्रज्ञ त्याला विम्याची उपमा देतात. पहिले अंडे नासले, किंवा पहिले पिल्लू जन्मतःच दुबळे निघाले, तर वर्षभराची सारी मेहनत वाया जाऊ नये म्हणून दुसऱ्याची तरतूद. पहिले सुखरूप निघाले की दुसऱ्याचे काम संपले. आपल्या मनाला हा हिशेब निर्दय वाटतो. पण ज्या पक्ष्याचे एक पिल्लू वाढविण्यात सारे कुटुंब खपते, त्याला दोन पिल्ले पोसणे झेपत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

एक पिल्लू वाढविणे म्हणजे काय, हेही ऐका. अंड्यातून निघाल्यावर ते सुमारे 86 दिवस ढोलीत राहते. बाहेर पडल्यावरही त्याला स्वतःचे पोट भरता येत नाही. वर्षभर, कधी दोन वर्षे ते मोठ्यांच्या मागे तोंड वासून फिरते. साप कसा धरावा, कासव कसे फोडावे, कोणत्या दिशेला केव्हा जावे, हे त्याला वडीलधाऱ्यांकडूनच शिकावे लागते. वयात येण्यास त्याला सहा वर्षे लागतात, आणि प्रत्यक्ष जोडी जमून अंडी घालण्याची पाळी येईपर्यंत नऊ-दहा वर्षे उलटतात. दर वर्षी वीण होतेच असेही नाही. ॲलन केम्प या पक्षिशास्त्रज्ञांनी दक्षिण आफ्रिकेतील क्रुगर राष्ट्रीय उद्यानात 1960च्या दशकाच्या अखेरीपासून धनेशांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. त्या निरीक्षणांतून निघालेला एक आकडा मन खिळवून टाकतो. एका टोळीला एक पिल्लू मोठे करून जगाच्या हवाली करण्यास सरासरीने नऊ वर्षे लागतात.

नऊ वर्षांत एक. पूर्वी या संथपणाने त्याचे काही बिघडत नव्हते. कारण भूधनेश दीर्घायुषी आहे. तो पन्नास-साठ वर्षे जगू शकतो, आणि मोठ्या पक्ष्याला खाणारे शत्रूही फारसे नाहीत. चार-पाच पिल्ले आयुष्यात निभावली तरी वंश चालू राही. जो सावकाश मिळवतो आणि सावकाश खर्च करतो, त्याचा संसार नीट चालतो. पण अशा माणसाच्या घरी एकदा दरोडा पडला, तर गेलेले भरून काढण्यास त्याला जन्म पुरत नाही. भूधनेशाच्या घरी गेल्या शतकात असे दरोडे वारंवार पडले.

त्यातला मुख्य दरोडा विषाचा. मेंढ्या-गुरे पळविणाऱ्या कोल्ह्यांचा आणि मोकाट कुत्र्यांचा बंदोबस्त करण्यासाठी शेतकरी मांसात विष कालवून रानात टाकतात. चोरटे शिकारी तर मेलेल्या हत्तीच्या धडावरच विष घालतात, कारण वर घिरट्या घालणारी गिधाडे वनरक्षकांना त्यांचा पत्ता देतात. हे विष भूधनेशासाठी नसते. पण मेलेले जनावर दिसले की तो तेथे जातोच, आणि एकटा जात नाही. कुटुंब जसे मिळून चालते तसे मिळून खाते, आणि मिळूनच मरते. एका दुपारी शंभर चौरस किलोमीटरचा मुलूख निर्मनुष्य नव्हे, पण निर्धनेश होऊन जातो. बंदुकीने मारलेल्या जनावरांच्या टाकून दिलेल्या आतड्यांत शिशाचे कण राहतात. तेही पोटात जाऊन विषबाधा करतात. विजेच्या रोहित्रांवर बसून पक्षी मरतात ते वेगळेच. आणि शेती वाढली, जळणासाठी झाडे गेली, हत्तींनी आणि वादळांनी जुने वृक्ष पाडले, तसतशी ढोलींची टंचाई झाली.

माणसाशी त्याचे एक भांडण मात्र थोडे विनोदी आहे. घराच्या किंवा शाळेच्या खिडकीच्या काचेत त्याला आपले प्रतिबिंब दिसते. आपल्या मुलखात हा परका कोण, असे वाटून तो काचेवर तुटून पडतो. परका हटत नाही, हाही हटत नाही, आणि त्या जाड चोचीपुढे काच टिकत नाही. एकामागून एक खिडक्या फुटू लागल्या की घरमालकाचा संताप होतो आणि तो बंदूक उचलतो. मुलखाच्या राखणीसाठी मिळालेली निष्ठाच अशी त्याच्या जिवावर उठते. काचेची चमक झाकून टाकली की भांडण मिटते, हे आता लोकांना समजावून सांगण्यात येते.

या सर्व काळात त्याला एक संरक्षण होते, आणि ते कायद्याचे नव्हते. झुलू लोक त्याला 'इन्सिंगिझी' म्हणतात, खोसा लोक 'इन्त्सिकिझी'. दोघांच्याही दृष्टीने हा पावसाचा पक्षी. आपल्याकडे पावशा ओरडू लागला की शेतकरी आभाळाकडे पाहतो, तसेच तेथे या पक्ष्याचे घुमणे ऐकून लोक पावसाची वाट पाहतात. त्याला मारणे अशुभ, मारले तर आभाळ कोपेल, असा समज. या श्रद्धेला दुसरी बाजूही होती. फार मोठा दुष्काळ पडला तर पाऊस पाडण्यासाठी जाणत्या माणसाकरवी एक पक्षी मारून त्याला दगड बांधून नदीत किंवा डोहात सोडीत. आभाळ त्याच्यासाठी रडेल आणि ते रडणे म्हणजेच पाऊस, अशी त्यामागची कल्पना. बेडकाला घेऊन घरोघर धोंडी मागण्याची आपली जुनी चाल ज्यांनी पाहिली असेल, त्यांना अवर्षणाने गांजलेल्या माणसाचे मन कोठेही सारखेच चालते हे उमगेल. पण असा प्रसंग क्वचित येई. एरवी वर्षानुवर्षे त्या भीतीने पक्ष्याला अभय मिळे. दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व केप प्रांतात, राखीव रानांच्या बाहेर, गावकऱ्यांच्या गायरानांत हा पक्षी आजवर टिकून राहिला, त्याचे बरेचसे श्रेय खोसा लोकांच्या या समजुतीला दिले जाते. उलटपक्षी, काही ठिकाणी जादूटोण्याच्या औषधांसाठी त्याची हत्याही होते. श्रद्धा तारते आणि मारतेही.

आता संख्येचे पाहू. दक्षिण आफ्रिकेत आज या पक्ष्यांची संख्या दीड ते दोन हजारांच्या दरम्यान असावी असा अंदाज आहे, आणि त्यांतील मोठा भाग क्रुगर उद्यानात व त्याला लागून असलेल्या राखीव रानांत आहे. निसर्गरक्षणाच्या जागतिक संघाने 2010 मध्ये ही जात संकटाच्या उंबरठ्यावर असल्याचे नोंदविले. दक्षिण आफ्रिकेने स्वतःच्या यादीत तिला त्याहून गंभीर, म्हणजे धोक्यात आलेल्या जातींच्या वर्गात घातले आहे. दीड हजार हा आकडा ऐकण्यास लहान नाही. पण त्यांतील प्रत्येक पक्षी अंडी घालीत नाही. एका टोळीत एकच जोडी, आणि तिला नऊ वर्षांत एक मूल, हे गणित पुन्हा मनात आणावे म्हणजे चिंतेचे कारण समजते.

या चिंतेतून जो उपाय निघाला, तो त्या दुसऱ्या अंड्यापाशी येऊन पोहोचतो. 1999 मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या उत्तर भागात माबुला येथे भूधनेशासाठी एक प्रकल्प सुरू झाला. तेथील मंडळींचा विचार साधा होता. जे धाकटे पिल्लू आज ना उद्या उपाशी मरणारच आहे, ते घरट्यातून काढून घेतले तर त्या कुटुंबाचे काही जात नाही, आणि जातीला मात्र एक पक्षी अधिक मिळतो. म्हणून झाडावर चढून, ढोलीत हात घालून, ते दिवसा-दोन दिवसांचे उघडेबोडके पिल्लू उचलून आणावयाचे आणि हाताने वाढवावयाचे.

हे वाटते तेवढे सोपे नाही. पिल्लू ज्याच्या हातून खाते त्यालाच आपला समजते. माणसाच्या हातून वाढलेला भूधनेश पुढे माणसांतच घोटाळतो. रानात सोडला तर गावात येऊन बसतो आणि लवकरच जिवाला मुकतो. म्हणून त्याला भरविणारी मंडळी हातावर भूधनेशाच्या डोक्याची बाहुली चढवतात, लाल गळ्याची आणि काळ्या चोचीची, आणि त्या चोचीतून घास देतात. कळसूत्री बाहुल्यांच्या खेळात माणूस पडद्यामागे राहतो, तसा येथेही तो पडद्यामागे राहतो. नुसते वाढवूनही भागत नाही. साप, कासव आणि वणवा यांचे शिक्षण बाहुलीला देता येत नाही. त्यासाठी वाढलेल्या पक्ष्यांना रानात एखाद्या जाणत्या, वयस्क भूधनेशाच्या हाती सोपवावे लागते. त्याच्या मागे हिंडून तरुण पक्षी रानाची रीत शिकतात. तेथील लोक या व्यवस्थेला रानातली शाळा म्हणतात. जुने शहाणे पक्षी जर एखाद्या भागातून नाहीसे झाले, तर त्यांच्याबरोबर त्या रानाची सारी माहिती जाते, आणि ती पुस्तकात लिहून परत आणता येत नाही, हे या शाळेने सर्वांना शिकविले.

ढोलींच्या टंचाईवरही उपाय चालू आहे. क्रुगरला लागून असलेल्या खासगी राखीव रानांत 2000 सालापासून केप टाउन विद्यापीठाच्या संशोधकांनी झाडांवर लाकडाची कृत्रिम घरटी बांधून ठेवली. भूधनेशांनी ती विनातक्रार पसंत केली आणि त्यांत पिल्ले वाढवली. शंभर वर्षांचा वृक्ष एका दिवसात उभा करता येत नाही, पण त्याच्या पोटातली पोकळी निदान तात्पुरती उसनी देता येते, असे यातून दिसून आले.

या सर्व खटपटीला फळ येण्यास वेळ लागणार आहे. आज ढोलीतून उचललेले पिल्लू स्वतः अंडी घालू लागेल ते आणखी दहा वर्षांनी, आणि त्याचे पहिले मूल मार्गी लागेल ते त्याच्याही नंतर. ज्या हातांनी त्याला बाहुली दाखवून भरविले, ते हात तोवर कदाचित दुसऱ्या कामाला लागलेले असतील. शिवाय जेथे त्याला सोडावयाचे तेथील शेतकऱ्याने मांसात विष कालविणे थांबविले नाही, तर ही सारी मेहनत एका दुपारी वाया जाऊ शकते. म्हणून माबुलाची मंडळी जितका वेळ पिल्लांना भरविण्यात घालवतात, तितकीच फिकीर आसपासच्या शेतांवर आणि शाळांत जाऊन माणसांशी बोलण्याची करतात.

श्रोतेहो, आपल्या बागेतला राखी धनेश आणि घाटातला महाधनेश यांना आफ्रिकेतला हा चुलता कधी भेटणार नाही. त्याचे दिवस मात्र आपण आज ऐकले. तेथे उद्या पहाट होईल तेव्हा कोठल्या तरी माळावरच्या जुन्या उंबरावर तो घुमू लागेल, मादी माहेरी जाण्याची गोष्ट काढील, आणि खालच्या ढोलीत, विणीचा हंगाम असेल तर, एक मोठे आणि एक अगदी लहान अशी दोन पिल्ले घासाची वाट पाहत असतील. त्यांतल्या लहानग्यासाठी आता कोणी तरी झाडावर चढते आहे.